भाऊजींचा स्कॅनर

आमच्या भाऊजींचं सांगतो. रिटायर सायन्स मास्तर. इंजिनाच्या बिघाडाचा कोड मोबाइलवर दाखवणारा स्कॅनर घेतला, तवापासून गाडीले मेकॅनिकचा हात लागू देत नाहीत. डॅशबोर्डवर पिवळा लाइट लागला की कोड वाचायचा, मान हलवायची आन् मिटवून टाकायचा. "झाली दुरुस्त!"

भाचीच्या साक्षगंधाले, म्हणजे साखरपुड्याले निघालो, तं दर्यापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. शेवटी मेकॅनिक बोलवाच लागला. त्यानं विचारलं, "लाइट लागत नव्हता काय?"

"रोज लागत होता. मी रोज मिटवत होतो."

"सर, पोराले ताप आला तं तुमी थर्मामीटर झटकून त्याले शाळेत धाडता काय?"

गाडी मेकॅनिकपाशीच ठेवा लागली. व्याह्यांच्या दारात आमी काळीपिवळी जीपमधून उतरलो. व्याही म्हणे, "गाडी काहून नाही आणली?"

भाऊजींनी मोबाइल दाखवला. "गाडी एकदम ठीक आहे. पाहा, एकही कोड नाही!"