हरवलेली वहाण

"तरीवाले, थांबा होऽ!" खाडीपलीकडची ती हाक अजून माझ्या कानात आहे बघा. ती ऐकली की मी सुटलेली होडीसुद्धा मागे फिरवायचो.

हे मुलाला सांगितलं तर तो हसला. अमेरिकेत तो राहतो त्या प्लेनोहून त्याने मला चार दिवसांच्या कॅरिबियन क्रूझला नेलं होतं. म्हणाला, "बाबा, ही तुमची होडी नाही. इथे कुणासाठी थांबत नाहीत. प्लीज, टाइमावर या."

बेटावर उतरलो आणि मी तासभर आधीच परतलो. मुलगा मात्र फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट निवडत बसला. शिडी काढायची वेळ झाली, तेव्हा वरच्या डेकवर टाळ्या सुरू झाल्या. उशीर झालेल्या कुणाला तरी धावताना बघून लोक व्हिडिओ काढत होते. मी जहाजाच्या दारातून पाहिलं, तर धावणारा आमचाच!

मी शिडीच्या तोंडाशीच बसकण मारली.

"सर, प्लीज!" खलाशी म्हणाला.

"माझी वहाण हरवली रे बाबा," मी मराठीतच म्हणालो आणि सावकाश इकडेतिकडे चाचपत राहिलो.

मुलगा धापा टाकत आत आला. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही वहाणा पायांतच होत्या. मग तो केबिनकडे निघून गेला.