गणपती नावेतून उतरला तेव्हा

हिंमतीचं बोलताय ना, मग आमच्या कुसुमकाकूंचं ऐका. गंगाकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती नावेतून गंगेच्या मध्यावर नेऊन बुडवायचा रिवाज. त्या वर्षी गंगा चढलेली, तरी राजा घाटावर सगळे एकाच नावेत घुसले. नावेचा काठ पाण्याला टेकायला आला.

नाववाला म्हणाला, "नाव भारी हो गई है, कुछ लोग उतर जाइए."

कोणी हललं नाही. गणपतीबरोबर जायचा मान कोण सोडणार? अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "कुणीतरी पुढाकार घ्या हो." आणि परत बसले. थोडी वाट पाहून त्यांनीच फर्मावलं, "चलो भइया, खोलो नाव."

काकू मूर्ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या मूर्तीसकट उठल्या आणि सरळ घाटाच्या पायरीवर उतरल्या.

अध्यक्ष ओरडले, "अहो, निघालेला गणपती कुणी मागे फिरवतं का? अपशकुन होईल!"

पण गणपतीच नाही म्हटल्यावर नावेत बसून करणार काय? एकेक करत सगळे उतरले. मग काकूंनी दुसरी नाव बोलावली, निम्मे लोक तिच्यात बसवले आणि विसर्जन नीट पार पडलं.

परतताना अध्यक्ष अजून धुसफुसत होते. "काकू, एवढं काय घाबरायचं? साक्षात गणपती होता नावेत."

काकू म्हणाल्या, "तो बुडायलाच निघाला होता, अध्यक्षसाहेब. आपण नव्हतो."