हातोड्या कुणाच्या?

— बसू नका हो, उभ्याउभ्याच बोला, श्टाड्लरसाहेब. नवऱ्याच्या कबरीवरची माती सुकली नाही, आणि तुमचा पियानोवाल्यांचा संघ मला म्हणतो, लग्न कर! विधवेच्या कारखान्यात संघाचा परवानेवाला मास्तर हवा — ठाऊक आहे तुमचा नियम. मास्तर मेला की कारागिरानं त्याच्या बायकोशी लग्न लावायचं, आणि आयतं मास्तर व्हायचं. बायकोबरोबर रंधे, करवती, बादशहाची सनद — सगळं आंदण!

सनद ना? ती बघा भिंतीवर. 'लिओपोल्ड रीडाउअर, पियानोकार आणि संशोधक.' संशोधक म्हणे! जन्मभर काय शोधलं यांनी? पियानोला पायानं दाबला की ढोल बडवणारा दांडा लावला — एका सरदारीणबाईंचं कुत्रं भुंकून भुंकून बेजार. मग घडीचा पियानो — तो मिटला तो मिटलाच. हसू नका! मी हसेन, तुम्ही नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण डोकं सदा हवेत. आणि ज्यांच्यामुळं राजवाड्यातून बोलावणं आलं, त्या पियानोच्या तारांवर पडणाऱ्या, मऊ आवाजाच्या हातोड्या? खाली लोकर, वर हरणाचं कातडं — ती माझी युक्ती, माझ्या स्वयंपाकघरातली! त्या दुसऱ्या कुणी बनवू नयेत अशी सनद बाईच्या नावानं कशी मागायची, म्हणून यांच्या नावानं मागितली. म्हटलं, घरातच राहतेय ना.

आता मात्र तिच्यावर माझं नाव हवंय मला. साक्षीदार? आहे की! व्हिन्त्सेंझ, आमचा मुख्य कारागीर. मी कातडं ताणायची, तो शेजारी बसून टोक धरायचा. बोलत नाही फारसा, पण गुणी आहे. माझ्या हातचं सूप असलं की दोनदा — ते जाऊ द्या. त्याच्याशी लग्नाला ना आहे असं कुठं म्हटलं मी? पण त्यानं स्वतः येऊन विचारावं ना! तुम्ही कोण मधले? आधी सनदेवर नाव, मग पुढचं.

काय? — त्यानंच पाठवलंय तुम्हाला? मग एवढा वेळ तुमचं तोंड शिवलं होतं का? — आणि हातोड्या? त्या कुणाच्या म्हणाला? — त्याच्या स्वतःच्या?

— आणि तुम्ही ते मान्यही केलंत?

निघा. कारखान्याला कुलूप लावते म्हणून सांगा संघाला. त्याला काही सांगू नका, त्याचं मी बघते. नाही, दार लावू नका — उघडंच राहू दे. खाली कारखान्यात सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

व्हिन्त्सेंझ! ए व्हिन्त्सेंझ! वर ये!