चौथं कार्ड

हेडली: तीन बाजूनं, चार विरोधात. ठराव पडला. केली, लिही आणि चारच्या आत पक्षाच्या मुख्य ऑफिसला पाठवून दे. उगाच घोळ घालू नकोस.

केली: लिहू कसं, हेडली? खोलीत आपण सात जण होतो. त्यातले तुम्ही अध्यक्ष, तुमचं सभासद-कार्ड टेबलावर. राहिले सहा. सहा माणसांची सात मतं कशी होतील?

ब्रेंडा: तिला काय दटावतोस? मला विचार, मी सांगते. अध्यक्षमहोदयांनी टेबलाखालून हळूच आपलंही कार्ड वर केलं असणार.

हेडली: ब्रेंडा, चाळीस वर्षं ओळखतेस तू मला.

ब्रेंडा: म्हणूनच म्हणतेय.

हेडली: माझं कार्ड हे इथे, पाण्याच्या जगखाली. हललेलं नाही. ओलंसुद्धा झालंय. आणि मला सांग, आपल्या एवढ्याशा शाखेनं ‘पंतप्रधान फेन, राजीनामा द्या’ म्हटल्यानं लंडनमध्ये कुणाचा चहा गार होणार आहे?

ब्रेंडा: फेनचा होणार आहे. पन्नास शाखांनी म्हटलं की त्याला पक्षाच्या नेतेपदासाठी पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. सकाळी रेडिओवर अठ्ठेचाळीस झाल्या म्हणाले. मुदत आज चारची. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तर घड्याळाकडे बघत बसलायस.

केली: बाकीचे चहाला खाली गेलेत. दहा मिनिटांत वर येतील, तेव्हा परत मोजूया का?

हेडली: परत मोजायचं तर कारण लागतं. नियम आहे.

केली: कारण आहे ना. मी, ब्रेंडा आणि टॅक्सीवाले रहमान, आम्ही तिघं बाजूनं. पॉलीन, तिचा नवरा केन आणि ग्रॅहम, तिघं विरोधात. तीन-तीन. म्हणजे निर्णायक मत तुमच्याकडे.

ब्रेंडा: आणि ते द्यावं लागू नये म्हणून अध्यक्षमहोदयांना चार विरुद्ध तीन फार आवडलंय.

हेडली: मला काही आवडलेलं नाही. मोजलं केलीनं. केली, चौथं कुणाचं होतं ते सांग, म्हणजे मिटलं.

केली: मी चेहरे बघत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, कार्डं मोज, माणसं मोजू नकोस, नंतर बारमध्ये भांडणं होतात. चौथं कार्ड रेडिएटरजवळच्या खुर्चीवरून वर आलं. मी चार लिहिलं. मग मान वर करून बघितलं, तर तिथे कुणी बसलेलंच नव्हतं.

हेडली: सावली असेल. नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं. ट्यूबही फडफडतेय.

केली: सावलीला कडा नसतात, हेडली. ते पुठ्ठ्याचं होतं. घडीचं. आपल्या प्लास्टिकच्या कार्डासारखं चकचकीत नाही. मधून उघडून धरलं होतं, आत वर्गणीची तिकिटं चिकटवलेली दिसत होती.

हेडली: तसली कार्डं बंद होऊन वीस वर्षं झाली. तू तेव्हा शाळेत असशील. तू कधी बघितलं?

केली: कधीच नाही. म्हणूनच लक्षात राहिलं. त्याचा एक कोपरा जळलेला होता.

ब्रेंडा: कुठला कोपरा?

केली: खालचा. माझ्या बाजूनं उजवा.

ब्रेंडा: नीट आठव, पोरी. कुठला?

केली: खालचा उजवा, ब्रेंडा. तपकिरी पडलेला. असं काय करताय? बसा ना जरा.

ब्रेंडा: शेगडीच्या कडेला ठेवलं होतं आमच्या डेरेकनं, गिरणीचा संप चालू होता तेव्हा. मी दुधाचं पातेलं सरकवलं आणि कोपरा पेटला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. एका पुठ्ठ्यासाठी.

हेडली: ब्रेंडा. ते कार्ड डेरेकबरोबर गेलं. फेब्रुवारीत.

ब्रेंडा: मला सांगतोस? मीच ठेवलं त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, शवपेटीला झाकण लावायच्या आधी.

हेडली: आणि मी त्या पेटीला खांदा दिलाय. म्हणून म्हणतो, आपण तिघंही दमलोय. केलीनं लोकांकडून काहीतरी ऐकलं असेल, ते मनात राहिलं असेल.

केली: मला एक सांगायचंय. रागावू नका.

ब्रेंडा: बोल.

केली: डेरेकचं नाव आपण यादीतून अजून काढलेलं नाही.

हेडली: काढता येत नाही. नावं फक्त जानेवारीच्या वार्षिक सभेत कमी होतात. नियमाप्रमाणे तो अजून सभासदच आहे.

केली: तेच. मग मार्चपासून मी दर सभेच्या सुरुवातीला, ‘येऊ शकत नसल्याचं ज्यांनी कळवलंय’ ती नावं वाचते ना, त्यात त्यांचंही वाचत होते. नाव तर वगळता येईना, आणि ‘वारले’ असं दर महिन्याला ब्रेंडासमोर वाचायचं माझ्या जिवावर यायचं.

ब्रेंडा: ऐकायचे मी. चांगलं वाटायचं.

केली: आज नाही वाचलं. म्हटलं, आज ठराव ब्रेंडांचा, त्यात नवऱ्याचं नाव नको. म्हणून सोडलं. म्हणजे आज ते येणार नाहीत, असं कुणी सांगितलंच नाही.

हेडली: म्हणजे आला, असं तुला म्हणायचंय?

केली: मला काहीच म्हणायचं नाही. तुम्ही त्या रेडिएटरला हात लावून बघा.

हेडली: तो दोन वर्षं बंद आहे. पाइप फुटल्यापासून.

केली: लावा तरी.

हेडली: ...गरम आहे.

ब्रेंडा: छाती शेकत बसायचा तिथे. कापसाची धूळ भरलेली छाती. बोलायला उभा राहिला तरी एक हात रेडिएटरवर.

हेडली: पॉलीनकडे किल्ली असते, तिनं चालू केला असेल. मी विचारतो तिला.

ब्रेंडा: विचार. आणि येताना मला हेही सांग, की माझाच नवरा माझ्याच ठरावाच्या विरोधात कार्ड का दाखवतो? अठ्ठेचाळीस वर्षांत त्यानं नेत्याविरुद्ध एकदाही मत दिलं नाही, ते मला माहीत आहे. घरी बशा आपटायचा, रेडिओला शिव्या द्यायचा आणि इथे येऊन नेत्याच्या बाजूनं कार्ड वर. ‘भांडण घरात, दारात नाही,’ म्हणायचा. पण या वेळी? या फेनसाठी?

हेडली: तेच माझ्या डोक्यात शिरत नाही. आपल्या हॉस्पिटलातला छातीचा वॉर्ड याच फेननं बंद केला. त्यापायीच डेरेकला चाळीस मैलांवर न्यावं लागलं. कुणाचंही काळीज फाटेल. तरी तो त्याच्याच बाजूनं?

ब्रेंडा: त्याला माहीत नाही.

हेडली: काय माहीत नाही?

ब्रेंडा: वॉर्ड बंद झाल्याचं. मी कळूच दिलं नाही.

केली: अख्ख्या गावाला माहीत होतं, ब्रेंडा.

ब्रेंडा: तो डिसेंबरपासून अंथरुणात होता. मी पेपर बंद केला. रेडिओची बॅटरी काढली, म्हटलं बिघडलाय. भेटायला येणाऱ्याला दारातच दम भरायचे, वॉर्डाचा व काढायचा नाही. हेडली, तुलाही भरला होता.

हेडली: मला वाटलं, त्याला त्रास नको म्हणून.

ब्रेंडा: त्रास? अरे, फेन याच खोलीत आला होता. डेरेकचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, छातीचा वॉर्ड मी बंद होऊ देणार नाही. डेरेकनं तो शब्द घरोघर नेला. टेंटर स्ट्रीटच्या एकेका दारात, धापा टाकत, पायरीवर बसून. लोकांनी फेनला नाही, डेरेकला मतं दिली. तो शब्द खोटा ठरला हे त्याला सांगायचं कुणी? मी? माझी जीभ उचलली नाही.

केली: मग त्या दिवशी, अँब्युलन्समध्ये?

ब्रेंडा: पुलावरून गाडी डावीकडे वळायला हवी होती. ती उजवीकडे वळली. पडल्या पडल्या त्याला वळण कळलं, जन्म गेला होता गावात. मला म्हणाला, इकडे कुठे? मी म्हटलं, आज वॉर्डातल्या खाटा भरल्यात, तिकडे नेतायत. तर हसला. म्हणाला, ‘बघ, चालू आहे म्हणून तर भरल्यात.’ पठारावर गाडी बर्फात अडली. तिथेच गेला. तेच हसू तोंडावर होतं.

हेडली: हे तू कुणालाच सांगितलं नाहीस.

ब्रेंडा: आता सांगतेय. म्हणून ते कार्ड. तो अजून त्या हसण्यातच बसलाय.

हेडली: मग राहू दे ना त्याला तसाच. ऐक माझं. मी चार-तीन लिहून पाठवतो. तू पुढच्या वर्षी आण ठराव. मेलेल्या माणसाचा भरवसा मोडून कुणाचं भलं होणार आहे?

केली: माझ्या वडिलांचं.

हेडली: केली...

केली: मी मध्ये पडणार नव्हते. पण बाबांची छाती डेरेकसारखीच आहे. त्याच गिरणीतली. बर्फ पडायला लागलं की मी गॅरेजमधली गाडी बघून येते, चालू होते का. फेन गेला तर नवीन येणारी बाई वॉर्ड उघडते म्हणतेय. उघडेल, नाही उघडणार. पण हा असेपर्यंत तर नाहीच. बस, इतकंच. ब्रेंडा, तुम्ही ठरवा. मी काय लिहायचं तेवढं सांगा.

ब्रेंडा: वाजले किती?

केली: चारला अठरा मिनिटं कमी.

ब्रेंडा: कुणाला वर येऊ देऊ नकोस. हेडली, ती खुर्ची दे इकडे.

(ब्रेंडा रेडिएटरजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर आपली खुर्ची ओढून बसते.)

ब्रेंडा: डेरेक. अरे, मी आहे. तोंड फिरवू नकोस, भांडायला नाही आले. तुला मी एक खोटं सांगितलं. लग्न झाल्यापासून एवढं मोठं हे एकच. त्या दिवशी खाटा भरलेल्या नव्हत्या. खाटाच नव्हत्या. वॉर्ड बंद होता, तीन आठवडे. दाराला साखळी होती, मी बघून आले होते. फेननं सही केली, नाताळ झाल्यावर. तुझा हात धरला होता ना त्यानं, त्याच हातानं. तुझ्यानंतर चाळीस मैलांच्या त्या रस्त्यावर अजून दोघं गेले, हॅरी स्लेटर आणि ती कोपऱ्यावरची मार्जरी. मार्जरीच्या दारात तू चहा प्यायला होतास. मी तुला फसवलं, कारण तू हसत होतास आणि मला ते हसू हवं होतं. आता सगळे वर येतील आणि परत कार्डं वर होतील. बाजूनं दे, एवढंच म्हणते. एकदाच. माझ्यासाठी नको, मार्जरीसाठी दे.

हेडली: कोण खोकलं?

केली: खाली ग्रॅहम असेल.

हेडली: आवाज खालून नाही आला.

केली: ब्रेंडा, रेडिएटरवरचा हात काढा. रेडिएटर किती थरथरतोय बघा.

ब्रेंडा: थांबला. गार पडत चाललाय. आत्ता, माझ्या हाताखाली. हेडली, लाव हात.

हेडली: बर्फासारखा. केली, दार बंद आहे ना? मग हा वारा कुठला?

केली: खुर्चीवर बघा.

हेडली: काय आहे?

केली: मी नाही हात लावणार. तुम्ही बघा.

हेडली: कार्ड आहे. डेरेकचंच. नाव आहे, तिकिटं आहेत, सगळं आहे. ब्रेंडा, हे फाडलंय. मधोमध. दोन तुकडे.

केली: म्हणजे ते बाजूनं देणार का?

हेडली: तो कुणाच्याच बाजूनं देणार नाही आता. कार्ड फाडून ठेवलेला माणूस सभासद राहत नाही. जानेवारीपर्यंत थांबावंही लागत नाही. केली, त्यांना वर बोलाव. तीन-तीन होतील आणि माझं मत लागेल.

केली: कुणाला देणार?

हेडली: ठरावाला. मी त्या पेटीला खांदा दिलाय. जा, बोलाव त्यांना. ब्रेंडा, ऐकलंस का? ठराव मंजूर होतोय. तुला हवं तेच झालं.

ब्रेंडा: मी त्याला नुसतं मत बदलायला सांगितलं होतं, हेडली.