पोस्टरवर काय छापायचं?

अहो, मरणार अक्का, पोस्टर लागणार अक्काचं, आणि त्यासाठी चार वर्षं समुद्रातले मासे मोजत बसायचं कुणी, तर अक्काच्या नातीनं! हा कुठला न्याय? आणि ठरवायचं कुणी, तर मी, ह्या यॉ ड्रायव्हरनं! तुम्हाला सांगतो, चौथीत मास्तरांच्या खुर्चीवर कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गरम गोळा ठेवला, मास्तर बसले, ते खुर्चीसकट उठले, आणि मी जो शाळेतून पळालो तो थेट वडापच्या गाडीवर... अशा माणसाला विचारतात, विद्यापीठ कुठलं चांगलं! पण आमच्या घानातल्या अशांती लोकांत रीतच तशी. भाचीच्या लेकराच्या शिक्षणाचा शेवटचा शब्द मामाचा. बाप आपला लांब बसून खोकतो.

तर पोमा. माझी थोरली बहीण ही अक्का, अक्काची लेक फ्रेमा, आणि फ्रेमाची धाकटी ही पोमा. शाळा संपली, मार्क बरे पडले, आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक राजधानीतून, अक्राहून. देशात पहिला नंबर! नाव घेत नाही, उगाच कोर्टात खेचतील. पोमानं मागितलं होतं सुईणपण, हल्ली त्याचीही पदवी असते म्हणे, आणि त्यांनी दिलं काय? समुद्रविज्ञान! पोरीनं जन्मात एकदा समुद्र बघितला, तोही ओकत ओकत. पण तिथं असंच असतं म्हणे, जिथं बाक रिकामा तिथं पोर ढकलायचं. विषय कुठलाही असो, फाटक तर तेच ना! दुसरं बोलावणं पार उत्तरेहून, तमालेच्याही पुढून. परवा-परवा उघडलेलं विद्यापीठ, भिंतींचा रंग वाळला असेल-नसेल, कुठल्या यादीत नाव नाही... पण तिथं सुईणपण. शुक्रवारपर्यंत होकार कळवा म्हणाले, दोघंही.

सुईणपणच का, म्हणून विचारता? अहो, माझ्याच गाडीत झालं की ते! बाजाराचा दिवस, केजेटियाच्या चौकात गाडी अडकलेली, मागं एक बाई कण्हायला लागली, बाकीच्या बायका येशूला हाका मारतायत, मी स्टिअरिंगवर बेशुद्ध, आणि ही बारा वर्षांची पोर दोन्ही हात पुढं करून म्हणाली म्हणे, "मावशी, घाबरू नका, आता जोर लावा." मी शुद्धीवर आलो तेव्हा बाळ हिच्या हातात, आणि हिच्या तोंडावर जे काही होतं ना... ते मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. मग मला वाटलं, ह्यात ठरवायचं काय? पाठवू उत्तरेला! तर अक्का म्हणते,

"आणि पोस्टरवर काय छापायचं?"

झालं. आमच्याकडे माणूस जगला कसा हे कोण बघतो? खांबावरचं पोस्टर बघतात. वर मेलेल्याचा फोटो, खाली लेकरं-नातवंडं, आणि प्रत्येकाच्या पुढं तो कुठवर पोचला ते. एक लंडनला, एक डॉक्टर, एक पहिल्या नंबरच्या विद्यापीठात. खाली जितकी वजनदार नावं तितका वरचा माणूस मोठा! अक्कानं तर फोटोही काढून ठेवलाय, सोन्याच्या माळा उसन्या आणून. म्हणते कशी, "यॉ, मुडद्या, मी अजून श्वास ओढत बसलेय ती कशासाठी? शेजारच्या म्हातारीच्या पोस्टरवर दोन इंजिनिअर होते, दोन! आणि माझ्या पोस्टरवर काय, सुईण? तमालेच्या पुढची? लोक म्हणतील, अक्काच्या घरची पोर वाट चुकली."

मी म्हटलं, "अक्का, तुझ्या पोस्टरवर बोआचे आहे की. पहिल्या नंबरचा पदवीधर!"

तर फ्रेमा उठून आत गेली.

बोआचे म्हणजे पोमाचा थोरला भाऊ. त्याच फाटकातून बाहेर पडलेला. त्यालाही हवं होतं एक आणि मिळालं भलतंच, आणि आम्ही सगळे नाचलो होतो, मेंढी कापली होती. तेव्हापासून कुळात कुणीही मरो, बोआचेचं नाव ठळक अक्षरात! आमच्या सगळ्या कुमासी शहरातल्या खांबांवर हा पोरगा पदवीसकट झळकतो, आणि स्वतः बसतो कुठं? चौकात, पिवळ्या छत्रीखाली, लोकांना मोबाइलवरून पैसे पाठवून देत. समोरच्याच खांबावर त्याचं नाव. मान वर करून बघत नाही.

त्यालाच जाऊन विचारलं. म्हटलं, "बाबा, हे नंबर लावतं तरी कोण?"

"परदेशात बसून लावतात, नाना. कुणी किती लेख छापले, कुणाचं नाव किती लोकांनी ऐकलंय, असलं मोजतात."

"कधी इकडं आले होते?"

"नाही."

"मग आपला पहिला तो जगात कितवा?"

बोआचे हसला. "खाली, नाना. बरंच खाली. तिथवर बोट सरकवता सरकवता अंगठा दुखतो."

घ्या! म्हणजे गल्लीत पैलवान आणि गावात हाडकुळा! मी म्हटलं, मग ठरलं, उत्तर. तर बोआचे म्हणतो, "थांबा, नाना. मला मुलाखतीला तरी बोलावतात. आत तर घेतात, खुर्ची देतात, पाणी देतात, ते त्या नावामुळंच. पोमाचा कागद बघून फाटकावरचाच विचारेल, हे कुठं आलं?"

आता सांगा! ज्याचं वाटोळं झालं तोच म्हणतो वाट बरी होती! माझं डोकं म्हणजे नुसतं उखळातलं फुफू, इकडून एक मुसळ, तिकडून एक मुसळ. पोमाला विचारलं, "बये, तुझं काय म्हणणं?" तर खाली मान घालून, "नाना, तुम्ही म्हणाल तिथं जाईन." अहो भांड की! ओरड की! भांडी आपट! पण नाही, त्या दिवसापासून पोर अंगणातलं दोनदा झाडलेलं तिसऱ्यांदा झाडायला लागली. जेवण समोर, बोटं थाळीत, घास तोंडात नाही. आणि आतून अक्काचा खोकला, आणि खोकल्यामागून हमखास, "आणि पोस्टरवर काय छापायचं?"

मग मला माझं जुनं दुखणं उठलं. खोडी! म्हटलं, थांब म्हातारे, तुला पोस्टरच दाखवतो, आणि तेही माझं! गेलो पोस्टरवाल्या तावियाकडे. म्हटलं, "माझं मरणाचं पोस्टर काढ. फोटो हाच, काळ्या गॉगलमधला, हसरा. आणि नावांपुढं मी सांगतो तेच छाप, खरं खरं." अक्कापुढं छापलं, 'दिवसभर झोपते.' कुळाचा म्होरक्या आद्दाई, त्याच्यापुढं, 'फुकटची दारू ओळखतो.' बोआचेपुढं, 'चौकात, पिवळ्या छत्रीखाली.' आणि सगळ्यांत ठळक, 'पोमा, उत्तरेची सुईण.' बेत असा की एकच प्रत अक्काच्या खाटेसमोर लावायची, म्हातारी चिडेल, मग हसेल, मग वितळेल.

पण प्रती किती, हे तावियानं मला विचारलंच नाही हो! तो म्हणतो, "मला वाटलं तुम्हाला वेळ कमी असेल." नेहमीच्या रीतीनं सगळ्या प्रती काढल्या आणि रातोरात खांबाखांबावर डकवून मोकळा!

मी सकाळी अंगणात बसून फुफू खातोय, हात मनगटापर्यंत रश्श्यात, आणि फाटकातून सुतकाची काळी-तांबडी लुगडी नेसलेल्या बायका आत. "यॉ रे यॉ, गेलास रे, आमची गाडी कोण हाकणार रे!" मी म्हटलं, "या, बसा, जेवून घ्या." एक बाई तिथंच पडली. दुसरी खवळली, "मेला नाहीस? मग मी हे कापड पहाटे उठून इस्त्री कशाला केलं?" आणि त्यांच्या पुढं कुळाचा म्होरक्या आद्दाई. त्यानं तर माझ्याकडं बघितलंच नव्हतं. मान खाली घालून, बाटली उघडून, फाटकातच जमिनीवर दारू शिंपडत, पूर्वजांना हाका घालत, पोस्टर हातात धरून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. "पितरांनो, प्या! यॉ तुमच्याकडं निघालाय, त्याच्यामागं ही माणसं राहिली आहेत..." आणि त्यात खणखणीत आवाजात, "पोमा, उत्तरेची सुईण!" मग मान वर केली, तर समोर मी. तोंडात घास.

तुम्हाला सांगतो, मी मेलो असतो तर बरं झालं असतं. आद्दाईनं तिथल्या तिथं माझ्यावर एक मेंढी बसवली, खोट्या मरणाचा दंड. तेवढ्यात अक्का दारात, काठी टेकत. "आद्दाई, पोमाचं ते परत घे! पितरांना सांग, चुकून बोललो."

आद्दाई म्हणतो, "अक्का, पितरांना एकदा सांगितलेलं परत घ्यायचं कसं? त्यांना काय, पाजली आणि वर खोटं बोललो म्हणू? यॉ मेला नाही ते त्यांना दिसेलच, तो त्यांचा-त्याचा हिशेब. पण पोरगी सुईण व्हायला निघालीय, हे त्यांनी ऐकलं. आता तिला मासे मोजायला पाठवलं, तर माझ्या जिभेची काय किंमत राहिली?"

बघा! आम्ही इतके दिवस डोकं फोडत होतो, कुठला नंबर, कुठली यादी, आणि निकाल लावला कुणी, तर मेलेल्यांनी!

एक बोआचे तेवढा चौकातून येऊन पोस्टर वाचत उभा होता. मी घाबरत घाबरत जवळ गेलो. म्हटलं, "बाबा, चेष्टेत छापलं रे..." तो म्हणाला, "नाना, आज सकाळी तीन गिऱ्हाइकं पोस्टर वाचून शोधत आली. पहिल्यांदाच पोस्टरचा मला उपयोग झाला." आणि हसला. पण तुम्हाला सांगतो, ते हसू मला मेंढीपेक्षा महाग पडलं. आम्ही त्याच्या वेळी पितरांना विचारलं नाही. फक्त मेंढी कापली.

पोमा गेली उत्तरेला. बसमध्ये चढताना मागं वळून बघितलंसुद्धा नाही, इतकी खूश. परवा फोन आला, "नाना, इथं बाळंतपण शिकायला एकच रबरी बाहुली आहे, आम्ही रांग लावतो." मी म्हटलं, "लाव बये, लाव," आणि फोन ठेवून रात्रभर जागा! एका बाहुलीवर शिकलेल्या पोरीला उद्या कोण दवाखान्यात घेणार? फाटकावरच्यानं विचारलं, हे कुठं आलं, तर? आणि अक्रात शंभर बाहुल्या असतील, पण तिला तिथं बाहुलीला हात कोण लावू देणार होतं? मासेच ना? मग बरोबर झालं की चुकलं? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा! नाही ना येत सांगता?

अक्कानं तर जाहीरच केलंय, पोमा दुसरी पदवी अक्रातून आणेपर्यंत मी मरणारच नाही. आणि ती शब्दाची पक्की आहे. म्हणजे आधी नंबर माझा. बरं, पोमाचं भलं झालं की वाटोळं, हे कळायला आठ-दहा वर्षं तरी जाणार, तोवर मी कुठं असणार? पोस्टर तर छापून तयारच आहे, तावियाकडे दोन गठ्ठे शिल्लक आहेत, म्हणतो, काका, फेकत नाही, फक्त तारीख तेवढी टाकू... तेव्हा काय छापायचं ही माझी काळजी मिटली. पोमा सुईण झाली की नाही, ते मी आपला खांबावरून बघेन.