डावीकडचा बोर्ड

मी मूळचा सोयगावकडचा, पण काय सांगू तुम्हाला, शहरात येऊन गारखेड्यातच हाडं म्हातारी झाली. शेतात मन लागंना म्हणून मोटार रिवायंडिंगच्या दुकानात राहिलो, तिथं सलीम भेटला, गुलमंडीचा, आन् दोघांनी मिळून हे स्कोरबोर्डाचं काम धरलं. कबड्डी असो, खो-खो असो, पंचाच्या टेबलाच्या दोन्ही अंगाला बोर्ड, तोंड मैदानाकडं, टेबलावर बटनांची पेटी, तिला कन्सोल म्हणतात, तिच्यातून वायर एका बोर्डाला, तिथून फुडं दुसऱ्याला.

वायर जोडणं काय नाय हो, तपासणं मोठं. आठाच्या आकड्यात दिव्यांच्या सगळ्या काड्या पेटतात, म्हणून मी पेटीवरून आठ आठ लावायचो. मला टेबलावरून बोर्डांची पाठच दिसायची. सलीम मैदानाच्या मधी उभा राहून दोन्हीकडं बघायचा आन् वरडायचा, सब लग्या भाई. त्यानं म्हणल्याबिगर मी सामना सुरू होऊ दिला नाय कधी.

मग त्याला अर्धांग झाला. डावं अंग गेलं, जीभ वाचली. घरात बसून माणूस वाळायला लागला, त्याची बायको म्हणली, भाईजान, इनको एक बार ले जाव, मैदान देखे तो दो निवाले खाएंगे. मी नेला, मैदानाच्या मधी खुर्चीत बसवला, आठ आठ लावले. लई खूश झाला, वरडला, सब लग्या भाई.

त्याची खुर्ची मागं समोरच्या कडेला घेतली, सामना सुरू झाला आन् लोकांचा गलका. सलीमच्या डावीकडचा बोर्ड काळा ठिक्कर, वायरीचं टोक निसटलेलं. आयोजक म्हणले, आंधळा आणला का तपासायला. मी सलीमजवळ गेलो, म्हणलं त्यो बोर्ड बंद हाय ना रे. त्यो म्हणला, कौनसा? मी बोट दाखवलं, त्यानं मानच वळवली नाय. दवाखान्यात नेला तर डॉक्टर म्हणले डोळे चांगले हायेत, पण झटका मेंदूला बसलाय, डावीकडची दुनियाच त्याच्यासाठी राहिली नाय. तवा कळलं, ताटातली डावीकडची भाकर तशीच का राहती.

आता मी एकटाच, बटन दाबतो, उठून मैदानात जातो, बघतो, परत येतो. लोक कट्टाळतात, बोलावणं बी कमी झालं. घरी गेलो की सलीम इचारतो, दोनों लगे क्या? मी म्हणतो लागले. काम नसलं तरी म्हणतो लागले. जीव तुटतो हो.

परवा मी त्याच्या डाव्या अंगाला बसलो, बोलत व्हतो, तरी त्यो दाराकडं बघून बायकोला इचारतोय, भाई आया नई क्या अबी तक. मी उठलो, खुर्ची उजवीकडं घेतली. देव म्हणा, अल्ला म्हणा, त्यानं सलीमची तेवढी उजवी बाजू तरी ठेवावी. तिथं मला बसता येतं.