पाचशेवर मारलेली काट

मी जाहिरातीत 'पन्नास टक्के सूट' का लिहीत नाही, विचारता ना? ते अमळनेरच्या एका अक्कांमुळे.

अक्का घरी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून विकतात. ऑनलाइन विक्रीसाठी त्यांनी मला जळगावहून बोलावलं होतं. भाव किलोला अडीचशे. मी जाहिरातीत पाचशे लिहून त्यावर काट मारली आणि खाली टाकलं, 'फक्त आजच अडीचशे!' दुपारपर्यंत चाळीस ऑर्डरी आल्या. मी ऐटीत मोबाईल अक्कांपुढे धरला.

त्यांनी जाहिरात वाचली. "हाऊ पाचशेना भाव कधी व्हता रे भो?"

"नव्हता, अक्का. पण सगळेच असं लिहितात."

"मंग बठ्ठास्ले फोन लाव."

चाळीसही जणांशी अक्का स्वतः बोलल्या. "भाव पहिल्यापासून अडीचशेच आहे. जाहिरातीत खोटं लिहिलं गेलं. माल नको असेल तर पैसे परत करते." शेजारी बसून मी ऐकत होतो, मान वर होत नव्हती. अकरा जणांनी ऑर्डर रद्द केली.

"अक्का, अकरा गिऱ्हाइकं गेली," मी म्हणालो.

"त्यास्ले सूट पाहिजे व्हती, बिबडा नही."

मग मी नवी जाहिरात लिहिली: 'किलोला अडीचशे. कालही हाच भाव, उद्याही हाच.'

आता खोटी काट मारायची नाही, हे मी कामाआधीच सांगतो. धुळ्याचे एक कापडवाले त्यावरून उठून गेले. जाऊ द्या. आमच्या धंद्यात लोक मोठमोठ्या कंपन्यांची नावं सांगतात. मी छाती काढून सांगतो, अक्कांची जाहिरात मी करतो.